दस्तक आणि फास : पश्चिम किनाऱ्यावरचे स्कॉटिश कप्तान

धानोऱ्यात बसून समुद्रावर लिहायचे म्हटले की ऐकणाऱ्याला हसू येते. नंदुरबार जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या माणसांनी पाण्याचा मोठा विस्तार पाहिलेला असतो तो उकाई धरणाच्या फुगवट्याचा. समुद्र म्हणजे सुरतेच्याही पलीकडची गोष्ट. पण सतराव्या शतकात या मुलखाचा आणि समुद्राचा संबंध आजच्यापेक्षा कितीतरी जवळचा होता. सुरत बंदरातून बऱ्हाणपूरकडे आणि तिथून आग्र्याकडे जाणारा मोठा व्यापारी रस्ता व्यारा, नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा जात असे. पीटर मंडी हा इंग्रज 1630 साली या वाटेने गेला तेव्हा दुष्काळाने नंदुरबारची जी दशा झाली होती, ती त्याने लिहून ठेवली आहे. पुढे फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये याच वाटेने गेला आणि त्याने नवापूरच्या सुवासिक, बारीक दाण्याच्या तांदळाची तारीफ केली.

कापड आणि नीळ बैलांच्या पाठीवरून नाहीतर गाड्यांतून सुरतेला जायची आणि तिथून जहाजात चढायची. सुरतेची जहाजे मोखा आणि जेद्दाहून सोने-चांदी घेऊन परतली, तर या रस्त्यावर पैसा खेळायचा. ती परतली नाहीत तर सराफ हात आखडते घ्यायचे आणि त्याची झळ पार आतल्या बाजारपेठांपर्यंत पोहोचायची. या रस्त्याचा माग काढता काढता प्रश्न पडला की सुरतेची जहाजे समुद्रात कोण अडवत होते आणि कोणत्या अधिकाराने? उत्तर शोधताना गाठ पडली ती काही स्कॉटिश कप्तानांशी. त्यांची हकीकत मांडायची ती अशासाठी, की आपल्या कान्होजी आंग्र्यांना दोनशे-अडीचशे वर्षे जो शब्द चिकटवला गेला, त्या ‘चाचा’ या शब्दाचा खरा अर्थ या परक्या माणसांच्या गोष्टीत लख्ख दिसतो.

समुद्रावरचा परवाना

आधी त्या काळची रीत समजून घेऊ. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज आले आणि त्यांनी जाहीर केले की या समुद्रात फिरायचे तर आमचा परवाना हवा. या परवान्याला ते ‘कार्ताझ’ म्हणत. परवाना नसलेले जहाज पकडायचे, माल जप्त करायचा. हिंदुस्थानच्या बादशहाचीही यातून सुटका नव्हती. अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली, तेव्हा पोर्तुगीज परवान्यासाठी तिला सुरतेत अडकून पडावे लागले होते.

पुढे डच, इंग्रज, फ्रेंच आले आणि प्रत्येक जण आपापला परवाना देऊ लागला. मराठ्यांनीही तेच केले. आपल्याकडे त्याला दस्तक किंवा कौल म्हणत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि सावकारी जहाजांशी कसे वागावे, याचा विचार त्यात केलेला आहे. थोडक्यात, समुद्रावर चार-पाच सत्ता एकाच वेळी जकात नाक्यावर बसल्या होत्या. शहाणा व्यापारी काय करी? दोन-तीन सत्तांचे परवाने गोळा करून बरोबर ठेवी आणि समोरच्या जहाजावर जे निशाण दिसेल, त्याप्रमाणे हवा तो कागद काढून दाखवी. ही व्यावहारिक हुशारी पुढे एका माणसाच्या गळ्याशी आली.

डंडीचा विल्यम किड

सप्टेंबर 1695 मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ हे जहाज लुटले. सुरतेचे ते सर्वांत मोठे जहाज, हजचे यात्रेकरू घेऊन परतत होते. त्यावर 80 तोफा होत्या, असे खाफीखान सांगतो. यात्रेकरूंचे हाल झाले, स्त्रियांची विटंबना झाली. सुरत शहर खवळले. तिथल्या इंग्रज वखारवाल्यांना बेड्या पडल्या आणि महिनोन्‌महिने ते कैदेत राहिले. चाचा इंग्रज, म्हणजे कंपनीही त्यात सामील, असा लोकांचा सरळ हिशेब होता.

इकडे हे घडत होते, तेव्हाच लंडनमध्ये चाच्यांचा बंदोबस्त करण्याची एक योजना आकार घेत होती. तिच्यासाठी जो कप्तान निवडला, तो स्कॉटिश होता. विल्यम किड. स्वतःच्या जबानीत त्याने आपला जन्म डंडीचा सांगितला आहे. न्यूयॉर्कमध्ये त्याचे घरदार होते, प्रतिष्ठा होती. इंग्लंडच्या राजाने त्याला दोन सनदा दिल्या. एक, शत्रू असलेल्या फ्रान्सची जहाजे पकडण्याची. दुसरी, चाचे पकडण्याची. खर्च मात्र सरकारचा नव्हता. चार बड्या उमरावांनी पडद्याआडून भांडवल घातले होते आणि राजाला लुटीचा दहावा हिस्सा मिळायचा होता. खलाशांना पगार नव्हता. काही हाती लागले तर वाटा, नाहीतर उपास. 34 तोफांचे ‘अ‍ॅडव्हेंचर गॅली’ हे जहाज 1696 मध्ये निघाले, तेव्हाच त्याच्या पोटात हा दोष होता. चाचे पकडण्यासाठी नेमलेल्या लोकांचे पोट लुटीवर अवलंबून ठेवले, तर काय होणार?

व्हायचे तेच झाले. ऑगस्ट 1697 मध्ये मोख्याहून सुरतेकडे निघालेल्या जहाजांच्या ताफ्यावर किड चाल करून गेला. बरोबरच्या संरक्षक इंग्रज जहाजाने त्याला हुसकावून लावले. मग तो आपल्या पश्चिम किनाऱ्याला आला. ‘मेरी’ नावाचे छोटे गलबत त्याने अडवले आणि त्यावरच्या खलाशांना मारहाण करून पैसा कुठे आहे ते वदवून घेतले. सप्टेंबरमध्ये तो कारवारला आला, राजाची सनद दाखवून त्याने लाकूड-पाणी घेतले. तिथे त्याचे काही लोक पळाले आणि इंग्रज वखारीत सगळे सांगून मोकळे झाले. गोव्याच्या पोर्तुगिजांनी दोन जहाजे त्याच्या मागावर धाडली. त्यांच्याशी लढून तो निसटला. लूट मिळत नाही म्हणून जहाजावर धुसफूस वाढत गेली. 30 ऑक्टोबरला विल्यम मूर या गोलंदाजाशी बाचाबाची झाली, किडने लोखंडी पट्ट्यांची बादली त्याच्या डोक्यात घातली आणि दुसऱ्या दिवशी मूर मेला.

30 जानेवारी 1698 रोजी कोचीनजवळ त्याला हवे ते जहाज सापडले. ‘केदा मर्चंट’ हे मोठे जहाज बंगालहून सुरतेकडे निघाले होते. मलमल, रेशीम, साखर, अफू, सोरा असा माल त्यात होता. माल आर्मेनियन व्यापाऱ्यांचा. त्यातला काही भाग मुखलिसखान या मोगल दरबारातल्या वजनदार सरदाराचा. जहाजाचा कप्तान इंग्रज. किडने फ्रेंच निशाण लावले होते. ते पाहून जहाजावरच्यांनी फ्रेंच परवाना पुढे केला. किडला हेच हवे होते. फ्रेंच परवाना म्हणजे फ्रेंच जहाज, म्हणजे आपल्या सनदेप्रमाणे कायदेशीर शिकार! याआधी नोव्हेंबरमध्ये पकडलेल्या एका जहाजाकडूनही त्याला असाच परवाना मिळाला होता. दोन्ही कागद त्याने जपून ठेवले.

सुरतेत बातमी पोहोचताच पुन्हा तोच गदारोळ झाला. मोगल अधिकाऱ्यांनी इंग्रज, डच आणि फ्रेंच या तिन्ही कंपन्यांना धारेवर धरले. शेवटी तिघांनी समुद्र वाटून घेतला. तांबड्या समुद्राची राखण डचांनी, इराणच्या आखाताची फ्रेंचांनी आणि दक्षिणेकडच्या समुद्राची इंग्रजांनी करायची, असे ठरले. आता व्यापार टिकवायचा तर कंपनीला कुणाला तरी फासावर चढवून दाखवणे भाग होते.

जुलै 1699 मध्ये किडला बॉस्टनमध्ये अटक झाली. ज्या उमरावांनी भांडवल घातले होते, ते आता त्याला ओळख दाखवेनात. पार्लमेंटातल्या विरोधकांना त्याच्या तोंडून त्या उमरावांची नावे हवी होती, म्हणून त्याला सभागृहापुढेही उभे केले गेले. मे 1701 मध्ये खटला चालला. पहिला आरोप मूरच्या खुनाचा, मग चाचेगिरीचे. किड पुन्हा पुन्हा त्या दोन फ्रेंच परवान्यांची मागणी करत होता. अटकेआधी त्याने ते अमेरिकेतल्या गव्हर्नरच्या हवाली केले होते आणि गव्हर्नरने ते लंडनला पाठवलेही होते. कोर्टात मात्र ते आले नाहीत. 23 मे 1701 रोजी त्याला टेम्सकाठी फाशी दिले. पहिल्या वेळी दोर तुटला, म्हणून दुसऱ्यांदा लटकावले. प्रेत डांबर फासून टिलबरीपाशी टांगून ठेवले गेले, येणाऱ्या-जाणाऱ्या खलाशांनी पाहावे म्हणून.

आणि ते परवाने? विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या सरकारी दफ्तरात ते सापडले.

एवढ्यावरून किडला साधुसंत ठरवण्याची मला घाई नाही. यात्रेकरूंच्या ताफ्यावर तो चालून गेला होता आणि ‘मेरी’वरच्या खलाशांच्या पाठीवरचे वळ खरे होते. पण तो फासावर गेला तो या अपराधांसाठी नव्हे. सुरतेचा राग शांत करायला एक मान हवी होती आणि त्याच्या कागदामागे उभे राहायला कोणीही उरले नव्हते.

लीथच्या वाळूवर

हीच गोष्ट चार वर्षांनी उलट दिशेने घडली. ती का घडली हे कळायला स्कॉटलंडची अडचण समजून घ्यायला हवी. इंग्लंड आणि स्कॉटलंडचा राजा एक होता, पण पार्लमेंट वेगळे आणि व्यापारही वेगळा. पूर्वेकडच्या व्यापाराची मक्तेदारी लंडनच्या कंपनीकडे, त्यात स्कॉटिश माणसाला शिरकाव कठीण. म्हणून 1695 मध्ये स्कॉटलंडने स्वतःची कंपनी काढली. लंडनच्या कंपनीने दबाव आणून तिचे इंग्लंडमधले भांडवल बंद पाडले. मग स्कॉटिश लोकांनी घरोघरची पुंजी घालून पनामाजवळ दारियन इथे वसाहत करायचा प्रयत्न केला. तो 1700 पर्यंत पुरता बुडाला आणि देश कंगाल झाला.

त्या कंपनीचे ‘स्पीडी रिटर्न’ हे जहाज पूर्वेकडे गेले ते परतलेच नाही. 1704 मध्ये तिचे दुसरे एक जहाज लंडनच्या कंपनीने टेम्समध्ये जप्त करवले. लोक चिडलेले असतानाच ‘वूस्टर’ हे इंग्रज जहाज स्कॉटलंडच्या किनाऱ्याला आले. ते मलबार किनाऱ्यावरून व्यापार करून परतत होते. बदला म्हणून ते अडवले गेले. मग खलाशांच्या दारूच्या बैठकीतल्या बडबडीवरून वावडी उठली की यांनीच मलबारजवळ ‘स्पीडी रिटर्न’ लुटले आणि सगळ्यांना मारले. एडिंबरामध्ये खटला झाला. पुरावा सगळा ऐकीव. खरे तर ‘स्पीडी रिटर्न’ मादागास्करला बोवेन नावाच्या चाच्याने पळवले होते, आणि त्यावरच्या दोन खलाशांनी इंग्लंडला परतून शपथेवर तसे सांगितलेही. पण रस्त्यावर जमाव उभा होता. 11 एप्रिल 1705 रोजी कप्तान टॉमस ग्रीन आणि त्याचे दोन सोबती लीथच्या वाळूवर फासावर गेले.

लंडनने स्कॉटिश कप्तानाला चाचा ठरवले, स्कॉटलंडने इंग्रज कप्तानाला. दोन्ही वेळा गुन्ह्याची जागा आपला पश्चिम किनारा, दोन्ही वेळा अपराधापेक्षा जमावाचा आणि व्यापाराचा राग मोठा. दोन वर्षांनी, 1707 मध्ये, दोन्ही देश एक झाले. स्कॉटिश माणसाला लंडनच्या कंपनीचे दार उघडले आणि त्यांची रीघ लागली.

हॅमिल्टन आणि मॅक्रे

दार उघडण्याआधी खिडकीतून शिरलेल्यांपैकी एक होता अलेक्झांडर हॅमिल्टन. 1688 मध्ये तो पूर्वेकडे आला आणि कंपनीच्या नोकरीत न राहता बंदराबंदरांतून स्वतःचा व्यापार करत फिरला. कंपनीच्या लेखी अशी माणसे म्हणजे मक्तेदारीत तोंड घालणारे उपटसुंभ. जंजिऱ्याच्या सिद्दीने मुंबईला वेढा घातला, ते दिवस त्याने जवळून पाहिले. वेढ्याचे खापर तो मुंबईचा गव्हर्नर जॉन चाइल्ड याच्या हावरटपणावर फोडतो. त्याचे दोन खंडांचे पुस्तक 1727 मध्ये एडिंबराला छापले गेले. कंपनीचे मीठ न खाल्ल्यामुळे त्याची लेखणी मोकळी आहे. सुरतेच्या अब्दुल गफूरबद्दल तो सांगतो की या एका व्यापाऱ्याचा पसारा साऱ्या इंग्रज कंपनीच्या तोडीचा होता आणि वर्षाला वीसच्या वर जहाजे तो पाठवत असे. नंदुरबारच्या रस्त्याने जाणारा माल कोणत्या दर्याला मिळत होता, हे मला या एका नोंदीने समजले.

गंमत अशी की हाच उपटसुंभ 1717 मध्ये मुंबईच्या आरमाराचा प्रमुख झाला आणि सोंध्याच्या राजाने वेढलेली कारवारची वखार सोडवायला गेला. माणूस तोच, तोफा त्याच. कंपनीचा कागद हातात पडताच त्याची लढाई कायदेशीर झाली.

दुसरा जेम्स मॅक्रे. एअरशायरमधल्या गरीब घरातला. ऑगस्ट 1720 मध्ये कंपनीचे ‘कॅसान्ड्रा’ जहाज घेऊन तो कोमोरो बेटांपाशी असताना चाच्यांच्या दोन जहाजांनी त्याला गाठले. सोबतचे जहाज त्याला एकटे टाकून निघून गेले. मॅक्रे काही तास लढला, जखमी झाला, बेटावर लपला आणि मग स्वतः होऊन चाच्यांपुढे जाऊन उभा राहिला. त्यांनी त्याचे जहाज ठेवून घेतले आणि आपले मोडके जहाज त्याला दिले. उपाशी, उघड्यावाघड्या माणसांना घेऊन 48 दिवसांनी तो मुंबईला पोहोचला. थोड्याच दिवसांनी विजयदुर्गाहून हात हलवत परतणाऱ्या मुंबईच्या आरमाराला हेच चाचे भेटले, तेव्हा आरमाराने पळ काढला. मॅक्रे 1725 मध्ये मद्रासचा गव्हर्नर झाला, श्रीमंत होऊन मायदेशी गेला आणि ग्लासगोला त्याने राजाचा पुतळा बसवून दिला.

सरखेलाचा शिक्का

आता हे सगळे ध्यानात ठेवून अलिबाग-कुलाब्याकडे पाहू. मॅक्रे मुंबईला आला त्या सुमारास, 1715 ते 1722 या काळात, गव्हर्नर बून याने कान्होजी आंग्र्यांवर एकामागून एक मोहिमा काढल्या. 1718 मध्ये खांदेरी, 1720 मध्ये विजयदुर्ग, 1721 मध्ये पोर्तुगिजांना बरोबर घेऊन कुलाबा. एकही किल्ला हाती आला नाही. इंग्रजी कागदपत्रांत कान्होजी सरसकट चाचे आहेत.

त्यांचा अपराध कोणता? त्यांचे दस्तक न घेता किनाऱ्याने जाणारी जहाजे ते पकडत. पोर्तुगीज हे दोनशे वर्षे करत आले होते. इंग्रज स्वतः परवाने देत होते. कान्होजी मराठा राज्याचे सरखेल होते. 1713 मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते शाहू महाराजांच्या बाजूला आले, तेव्हा किल्ले आणि पद त्यांच्याकडे रीतसर कायम झाले. 1712 मध्ये त्यांच्या आरमाराने मुंबईच्या गव्हर्नरची नौका पकडली. तिच्यावरचा कारवार वखारीचा प्रमुख लढाईत मेला आणि त्याची तरुण पत्नी कैद झाली. 30,000 रुपये दंड घेऊन तिला सुखरूप पाठवले गेले, आणि त्याच सुमारास इंग्रजांनी त्यांच्याशी तह केला. चाच्याशी कोणी तह करतो का? तह होतो तो राजसत्तेशी.

किड आणि कान्होजी यांच्यातला फरक इथे आहे. किडच्या सनदेवर इंग्लंडच्या राजाची मोहोर होती, पण संकटात त्या मोहोरेमागे कोणी उभे राहिले नाही. कान्होजींच्या दस्तकावर एका सरदाराचा शिक्का, पण त्यामागे कुलाबा, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग उभे होते. कागद जेवढा खरा, तेवढाच त्यामागचा किल्ला खरा असावा लागतो. म्हणून डंडीचा किड फासावर गेला आणि कान्होजी 4 जुलै 1729 रोजी अलिबागेत सत्तेवर असतानाच वारले. ‘चाचा’ हा शब्द कृत्यावरून ठरत नव्हता. कोणाचा परवाना कोणी मानायचा, यावर तो ठरत होता. आपल्या पाठ्यपुस्तकांनी कान्होजींवरचा हा डाग पुसला, ते योग्यच झाले. पण अभिमानाच्या भरात एवढेच म्हणून थांबणे बरे नाही. दस्तकाचे पैसे अखेर व्यापाऱ्याच्या खिशातून जात आणि व्यापारी ते मालाच्या भावात वसूल करी. इंग्रज, पोर्तुगीज, सिद्दी, आंग्रे या सगळ्यांची जकात मिळून शेवटी विणकराच्या आणि शेतकऱ्याच्या डोक्यावर बसत होती.

2007 मध्ये डोमिनिकन रिपब्लिकच्या किनाऱ्याजवळ, कातालिना बेटापाशी, उथळ पाण्यात एका जहाजाचे अवशेष सापडले. तोफा आणि नांगर एकमेकांवर रचल्यासारखे पडले होते. ते ‘केदा मर्चंट’ असल्याचा निर्वाळा अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या अभ्यासकांनी दिला. सुरतेला निघालेले जहाज तीनशे वर्षे जगाच्या दुसऱ्या टोकाला पडून होते. किडवर शेकड्यांनी पुस्तके निघाली. त्याचे परवाने, त्याचा दोर, त्याचा कथित खजिना यांवर शाई वाहिली. त्या जहाजावरच्या हिंदी तांडेल-खलाशांना किनाऱ्यावर उतरवल्यावर त्यांचे पुढे काय झाले, ही चौकशी त्या खटल्यात कोणी केली नाही. त्यांच्यापाशी कुठल्याच सत्तेचा कागद नव्हता.

धानोऱ्याहून सुरतेकडे जाणाऱ्या मालमोटारी रात्री थांबतात, तेव्हा चालक आधी कागदांची पिशवी चाचपतो. परवाना, विमा, मालाची पावती. नाक्यावर कोण उभा असेल आणि त्यातला कुठला कागद मागेल, याचा हिशेब त्याच्या डोक्यात चालू असतो. ‘केदा मर्चंट’चा कप्तानही त्या जानेवारीच्या दिवशी समोरचे निशाण पाहून असाच हिशेब करत होता. त्याने काढलेला कागद चुकला.